कॉम्प्युटर सायन्स, घरच्या घरी आणि बिनपैशाचं

गेल्या दिवाळीत शहाद्याहून भाचा आला. फराळाची ताटली मांडीवर, मोबाइल हातात. "मावशी, बघ किती गोळा केलंय," म्हणत त्याने यादी दाखवली. प्रोग्रामिंगचे शंभरावर व्हिडिओ सेव्ह केलेले, चौदा कोर्सेसना नाव नोंदवलेलं, पीडीएफ तर मोजायच्याच नाहीत. सगळं फुकट.

"यातलं पाहिलंस किती?"

"बरंच पाहिलं."

"आणि स्वतः लिहिलंस किती?"

भाच्याने चकली तोंडात टाकली.

माझंही असंच झालं होतं, फक्त पैसे देऊन. मी मराठी माध्यमाची, बी.कॉम. झालेली. अमळनेरजवळच्या एका जिनिंगच्या (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या) ऑफिसात काटा-पावत्या आणि हिशेब सांभाळायचे. प्रोग्रामिंग शिकायचं म्हणून एका क्लासला अठरा हजार भरले. चार महिन्यांनी सर्टिफिकेट मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं. आणि फळ्यावरून उतरवून घेतल्याशिवाय एकही प्रोग्राम मला लिहिता येत नव्हता. त्यानंतर अडीच वर्षं पहाटे बसून जे शिकले, त्याला फी म्हणून एक रुपया दिला नाही. आज त्यावरच पोट चालतं. जळगावला घरून काम करते. भाच्याला त्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा तपशिलात मांडते.

त्याला पहिलं सांगितलं ते हे: व्हिडिओ पाहताना सगळं कळतं, आणि तीच फसगत आहे. कोरी फाइल उघडून बसलात, काही सुचेना, लिहिलेलं चालेना, अर्धा तास डोकं खाजवलं, मग चूक सापडली. शिकणं झालं ते त्या अर्ध्या तासात. पुढची सगळी आखणी हा अर्धा तास रोज वाट्याला यावा म्हणून आहे.

आधी गल्लत दूर करू

आपल्याकडे "कॉम्प्युटर येतो का?" म्हणजे बहुतेक वेळा "एमएस-सीआयटी झालंय का?" झालं असेल तर चांगलंच, फायली आणि टायपिंगची भीती गेलेली असते. पण ते कॉम्प्युटर वापरणं. प्रोग्रामिंग म्हणजे त्याला काम नेमकं सांगता येणं. आणि कॉम्प्युटर सायन्स म्हणजे तेच काम कमी खटाटोपात कसं होईल, कुठलं काम कितीही वेळ दिला तरी आवाक्यात येणार नाही, आणि आतलं यंत्र हे सगळं करतं तरी कसं, याचा अभ्यास.

बहुतेक जण फक्त एखादी भाषा शिकून थांबतात आणि वर्षभरात त्यांची गाडी रुतते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पायथन ही भाषा, मग सी ही भाषा आणि मेमरी, मग डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायच्या रीती) आणि अल्गोरिदम (काम पायरीपायरीने उरकायच्या रीती), मग यंत्राची आतली रचना, शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. गणित सोबतीला. हा क्रम मी शोधून काढलेला नाही. इंटरनेटवर ओपन सोर्स सोसायटी युनिव्हर्सिटी नावाची एक यादी आहे. नावात युनिव्हर्सिटी असली तरी ना इमारत ना प्रवेशपरीक्षा. पदवीच्या तोडीचे फुकट कोर्स क्रमाने लावून दिलेत, एवढंच. आठवड्याला साधारण वीस तास दिले तर दोन वर्षं लागतील असा त्यांचाच अंदाज आहे. घर-नोकरी सांभाळून वीस तास निघत नाहीत. मला दहा-बाराच निघायचे, आणि त्या यादीतलं निम्मं मी सोडून दिलं. तुम्हीही सोडलंत तर कुणी विचारणार नाही.

सामान

लॅपटॉप जुना चालतो. कंपन्यांनी वापरून काढलेले साधारण पंधरा-वीस हजारांत मिळतात. दोनच गोष्टींवर अडून बसा: रॅम ८ जीबी आणि डिस्क एसएसडी. दुकानात बसूनच कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून पाहा. माझ्या पहिल्या लॅपटॉपचं कंसाचं बटण अर्धं मेलेलं होतं, आणि प्रोग्रामिंगमध्ये कंसाशिवाय पान हलत नाही. घरात ४ जीबीचं जुनं मशीन पडून असेल तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका, ते फुकट आहे आणि मशीनला नवं आयुष्य देतं. लिनक्सची ओळख पुढे कामाला येतेच.

लॅपटॉप नसेल तर थांबू नका. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकता येतं, त्यात पायथन बसतं. शंभर-दीडशे रुपयांची ओटीजी पिन घेऊन फोनला साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. स्क्रीन लहान पडते, मान दुखते, पण पहिले दोन महिने यावर निघतात. भाच्याचे निघाले.

डेटा रोजच्या पॅकमध्ये बसवायचा तर व्हिडिओ ४८० वर पाहा. फळ्यावरचं दिसलं की पुरे, सरांच्या शर्टाची वीण दिसायची गरज नाही. एनपीटीईएल (आयआयटी वगैरेंच्या व्याख्यानांचं संकेतस्थळ) आणि अमेरिकेतल्या एमआयटीचं ओपन कोर्सवेअर इथली व्याख्यानं उतरवून घेता येतात. लाईट आणि रेंज दोन्ही असतील तेव्हा आठवड्याचं उतरवून ठेवा. पायथनचं सगळं दस्तऐवज एका झिप फाइलमध्ये मिळतं. किविक्स नावाच्या ॲपमध्ये विकिपीडियाच नाही, स्टॅक ओव्हरफ्लोची प्रश्नोत्तरंही बिननेटची वाचता येतात. पावसाळ्यात लाईन तुटून दोन-दोन दिवस नेट गेलं की याची किंमत कळते.

पहिले दोन महिने: एक भाषा, एक कोर्स

भाषा पायथन. "जावा घेऊ की सी प्लस प्लस?" या वादात महिना घालवू नका; पहिली भाषा कोणतीही असो, दुसरी शिकायला बराच कमी वेळ लागतो. पायथन १९९१ मध्ये आलं, आजही भरपूर वापरात आहे आणि नवख्याला कमी छळतं. लिहायला थॉनी नावाचा एडिटर घ्या. हलका आहे, आणि प्रोग्राम एकेक पाऊल चालवून कुठल्या नावात आता काय भरलंय ते शेजारी दाखवतो.

इंग्रजीची धास्ती असेल तर सुरुवात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने करा. दहा-एक मिनिटांचे धडे असतात, बरेच मराठी आवाजात. पायथन, सी, लिनक्स सगळं आहे. आवाज जरा सरकारी वाटतो, पण व्हिडिओ थांबवायचा, तेच आपण टाइप करायचं, पुढे जायचं, ही त्यांची पद्धत चोख आहे. मात्र तिथे मुक्काम करू नका. तीन-चार आठवड्यांत हार्वर्डच्या सीएस ५० पी या पायथनच्या कोर्सवर या. डेव्हिड मेलन शिकवतात, इंग्रजी सबटायटल असतात आणि गृहपाठ अस्सल असतो. उत्तर पाठवलं की त्यांचा संगणकच तपासून कुठे चुकलं ते सांगतो. मला मराठीतून असं तपासून देणारं काही सापडलं नाही, म्हणून एवढं इंग्रजी पत्करायचं. वहीत शब्द लिहीत गेले तेव्हा कळलं की लागणारे शब्द दीड-दोनशेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात.

चूक दाखवणारा संदेश, म्हणजे एरर, वाचायला शिकणं हा या दोन महिन्यांतला मुख्य धडा. पायथन चुकलं की पाच-सात ओळी लाल ओकतं आणि नवखा माणूस वरून वाचायला लागून घाबरतो. शेवटची ओळ आधी वाचा. चूक कोणत्या जातीची ते तिथे असतं, आणि ओळीचा नंबर त्याच्या जरा वर. नेम-एरर म्हणजे तुम्ही घेतलेलं नाव त्याला माहीत नाही, नव्वद टक्के वेळा स्पेलिंग. इंडेंटेशन-एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडलीय. टाइप-एरर म्हणजे आकडा आणि मजकूर यांची सरमिसळ.

आणि कधी कधी चूक असून संदेशच येत नाही. भाच्याने दिवाळीतच माझ्यासमोर पहिला प्रोग्राम लिहिला: कापसाचा भाव विचारायचा, क्विंटल विचारायचे, गुणून रक्कम सांगायची. भाव ७०००, कापूस १२ क्विंटल. उत्तर यायला हवं ८४,०००. स्क्रीनवर आलं सत्तर शून्य शून्य, सत्तर शून्य शून्य अशी अठ्ठेचाळीस आकडी माळ.

"मावशी, काय शे हाई? शेतकरी एका दिवसात अंबानी!"

मी उत्तर सांगितलं नाही, भाजी चिरायला गेले. वीस मिनिटांनी स्वयंपाकघरात आला. "७००० बारा वेळा छापलंय." बरोबर. पायथन वापरणाऱ्याकडून जे घेतं ते आधी मजकूर म्हणूनच घेतं, दिसायला आकडा असला तरी. त्याने क्विंटलचा आकडा करून घेतला होता, भावाचा करायचा राहिला होता. मजकुराला १२ ने गुणलं की पायथन तो मजकूर बारा वेळा जोडून देतं. ही गोष्ट तो आता जन्मात विसरणार नाही. मी तेव्हाच सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी विसरला असता.

आपल्या लिपीतला एक खेळ

हा कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही, आणि मराठी माणसाला तो फार शिकवून जातो. पायथनमध्ये नावं देवनागरीत ठेवता येतात. वजन, भाव, रक्कम असं लिहून प्रोग्राम चालतो. वापरणाऱ्याने १२ हा आकडा देवनागरीत टाइप केला तरी पायथन त्याचा खरा आकडा करून देतं. पण प्रोग्रामच्या मजकुरात थेट देवनागरी आकडा लिहिलात तर नाकारतं, तिथे इंग्रजी आकडेच लागतात.

आता "धुळे" या शब्दाची लांबी विचारा. आपल्या हिशेबाने अक्षरं दोन. पायथन म्हणतं ४. "नंदुरबार"ची म्हणतं ८. कारण त्याच्यासाठी ध वेगळा, उकार वेगळा, ळ वेगळा, मात्रा वेगळी. प्रत्येक चिन्हाला युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत) स्वतःचा नंबर आहे, एकट्या क चा २३२५. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवलं की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे "धुळे" १२ बाइटांचं. शेवटी "धुळे" उलटं करून पाहा. मात्रा एकटी पुढे लटकते, उकार ळ ला जाऊन चिकटतो आणि ध बोडका राहतो. संगणकात अक्षर नसतंच, नंबर असतो आणि तो दाखवायची एक ठरलेली रीत असते, हे मला तीन व्याख्यानांनी कळलं नव्हतं ते या उलट्या धुळ्याने कळलं.

घरचं काम प्रोग्रामला द्या

दोन महिने झाले की कोर्स आठवडाभर बाजूला ठेवून स्वतःच्या कामाचं काहीतरी लिहा. माझं काटा-पावत्यांचं होतं. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी करून निव्वळ, त्याला भाव, संध्याकाळी शेतकऱ्यागणिक बेरीज. साठ-सत्तर ओळींचा प्रोग्राम, पण त्याने मला चार गोष्टी शिकवल्या. एखाद्याने भरलेलं वजन रिकाम्याच्या जागी टाकलं तर निव्वळ उणे येतं, म्हणजे आलेली माहिती आधी तपासायची. एकाच नावाचे दोन शेतकरी असतात, म्हणजे नावाने ओळखायचं नाही, नंबर द्यायचा. लाईट गेली की सगळं उडतं, म्हणजे दर पावतीला फाइलमध्ये लिहायचं. आणि पैसे दशांशात ठेवायचे नाहीत. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनला विचारा, उत्तर ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग एक ४ असं येतं. यंत्र दशांश दोनाच्या पटीत साठवतं, त्यामुळे हे अपूर्णांक त्याला पुरते बसत नाहीत. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायची, छापताना शंभराने भागायचं.

तुमचं काम दुधाच्या डेअरीचं असेल, भिशीचं असेल, केळीच्या बागेच्या मजुरीचं असेल. शेजाऱ्याचं अॅप बघून त्याची नक्कल करू नका. ज्या कामातल्या खाचाखोचा तुम्हाला पाठ आहेत तेच घ्या.

सी, मेमरी आणि खरा घाम

यानंतर हार्वर्डचा मूळ सीएस ५० एक्स. शून्य नंबरच्या आठवड्यात स्क्रॅच, पुढचे पाच आठवडे सी भाषा, मग पायथन, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), वेब. पायथन आधी झालेलं असलं तरी सी टाळू नका. पायथनमध्ये यादीत एक वस्तू घातली की घातली. सी मध्ये तिच्यासाठी जागा मागायची, किती बाइट ते सांगायचं, काम झालं की परत करायची. यंत्र रोज काय झिजतं ते इथे दिसतं. चौथा आठवडा मेमरीचा, तिथे पॉइंटर येतात आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. मला त्या एका आठवड्याला सात आठवडे लागले. वहीत चौकोन काढा, प्रत्येकाला घर नंबर द्या, आणि पॉइंटर म्हणजे घर नव्हे, घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी, एवढं धरून प्रोग्रामची प्रत्येक ओळ त्या चौकोनांवर पेन्सिलने चालवा. वेळ जातो. पण कागदाशिवाय पॉइंटर कळलेला माणूस मी पाहिला नाही.

या कोर्सचं काम ब्राउझरमधल्या त्यांच्या एडिटरमध्ये होतं, त्यामुळे मशीन कितीही म्हातारं असो, चालतं; नेट मात्र लागतं. गृहपाठ पुरे केले की त्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. पैसे मागणारं सर्टिफिकेट एडएक्स या दुसऱ्या संकेतस्थळाचं आहे, ते नाही घेतलं तरी अभ्यासात काही कमी होत नाही.

पाटणादेवीचं गणित

अल्गोरिदम म्हणजे काय हे चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन सांगावं असं मला नेहमी वाटतं. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. विद्यार्थ्यांच्या फीचा प्रश्न खान्देशात तेव्हाच सोडवला होता म्हणायचा.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे. असा पूर्णांक शोधा, ज्याच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच येईल. प्रोग्राम लिहायला तीन मिनिटं: १ घ्या, जमतं का पाहा, नाही तर २ घ्या, मग ३. आधी ६१ च्या जागी ६० टाकून पाहा. ४ ला उत्तर येतं, कारण १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ टाकलं तर ८ ला येतं. आता मधलं ६१ टाका, आणि चहा ठेवा. चहाला आधण येईल, तरी पंखा घरघरत प्रोग्राम कदाचित चालूच असेल. उत्तर २२,६१,५३,९८० आहे.

यात दुसरा सापळाही आहे. माझा पहिला प्रोग्राम वर्गमूळ दशांशात काढून "हे पूर्णांक आहे का?" असं विचारायचा. त्याने मोठ्या रुबाबात एक उत्तर दिलं आणि पडताळलं तर ते चूक. एवढ्या मोठ्या संख्यांना दशांशाची अचूकता तोकडी पडते आणि जवळजवळ पूर्णांक असलेली संख्या पूर्णांक म्हणून खपते. पायथनमध्ये पूर्णांक वर्गमूळाची वेगळी सोय आहे, ती वापरायची.

भास्कराचार्य बावीस कोटी संख्या तपासत बसले नव्हते. त्यांनी चक्रवाल पद्धत वापरली. चुकीच्या पण जवळच्या उत्तरापासून निघायचं आणि दर फेरीला त्यातून अधिक चांगलं उत्तर बांधायचं. थोडक्या फेऱ्यांत काम होतं, कागदावरही. फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना हेच ६१ चं कोडं घातलं, तेव्हा हे उत्तर आपल्याकडे पाचशे वर्षं पडून होतं. दोन्ही प्रोग्राम लिहा, शेजारी शेजारी चालवा. यंत्र तेच, भाषा तीच, फरक फक्त विचाराचा, आणि तो फरक मोजायच्या विद्येला अल्गोरिदमचं विश्लेषण म्हणतात.

ते शिकायला एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधला डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा कोर्स घ्या. उच्चार आपल्या कानाचे, वेग बेताचा. शिकणं फुकट, हवी असेल तर शेवटची परीक्षा फी भरून देता येते. तो झाला आणि भूक उरली तर एमआयटीचा ६.००६ आहे, पण तो डोंगर आहे, घाईने चढू नका. सरावाला प्रोजेक्ट युलर हे कोड्यांचं संकेतस्थळ. पहिलं कोडं दहा मिनिटांत सुटतं, पन्नासाव्यापर्यंत पोहोचलात की मला सांगा.

यंत्र उघडून

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो नँड टू टेट्रिस या कोर्सने. नोआम निसान आणि शिमोन शॉकेन यांनी केलाय, सॉफ्टवेअर आणि बारा प्रकल्प फुकट आहेत. सुरुवातीला हातात फक्त नँड नावाचं एक गेट. दोन तारा आत, एक बाहेर. दोन्ही चालू असतील तरच बाहेरची बंद. त्यातून बाकीची गेटं, त्यातून बेरीज करणारं सर्किट, मेमरी, प्रोसेसर असं रचत जायचं. पहिल्या सहा प्रकल्पांत स्वतः रचलेला कॉम्प्युटर सिम्युलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालतो. उरलेल्या सहांत त्याच्यावरची भाषा आणि छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. मी पहिले सहाच केले. ज्या रात्री माझ्या सर्किटने पहिल्यांदा दोन संख्यांची बरोबर बेरीज केली, त्या रात्री नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "बेरीज तर कॅल्क्युलेटरही करतो," आणि कूस बदलून झोपला.

बाकीचं भराभर सांगते. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी विस्कॉन्सिनच्या आर्पाची-दुसो दांपत्याचं पुस्तक लेखकांनीच इंटरनेटवर फुकट ठेवलंय, प्रकरणं छोटी आहेत. डेटाबेससाठी एसक्यूलाइट घ्या आणि आपलाच काटा-पावत्यांचा प्रोग्राम त्यावर आणा. वेब हवं असेल तर फ्रीकोडकँप. गणितात कॉलेजचं कॅल्क्युलस नव्हे, तर संच, तर्क, मोजणी आणि आलेख (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे) लागतात. एमआयटीचा संगणकशास्त्राच्या गणिताचा कोर्स त्यासाठीच आहे. गिट (प्रोग्राममधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन) मात्र पहिल्या महिन्यापासून वापरा, आज्ञा पाचच लागतात. आपण कुठे आहोत ते पाहायला गेट या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम छापून भिंतीला लावा आणि झालेलं खोडत जा.

बैठक

उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो. लॅपटॉपही तापतो, डोकंही. पहाटे पाच ते सात हीच खरी वेळ, नेटही तेव्हा मोकळं असतं. रोज दीड तास हा रविवारच्या दहा तासांपेक्षा भारी. घरात जागा नसेल तर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका तालुक्यातालुक्यात आहेत. कीबोर्डच्या टकटकीवर एमपीएससीवाले डोळे वटारतात, एवढं सोसा आणि कोपरा धरा. वेळापत्रकात हंगाम धरा. कापसाच्या सीझनमध्ये माझा अभ्यास निम्म्यावर यायचा. मी दिवाळी ते संक्रांत नवं काही घ्यायचंच नाही, जुनंच पुन्हा लिहायचं असं ठरवून टाकलं होतं, त्यामुळे अपराधी वाटायचं बंद झालं.

सोबत एक माणूस शोधा. ग्रुप नको, ग्रुपमध्ये शुभ सकाळचे फुलांचे फोटो येतात. एकच जण, जो आठवड्याला विचारेल, "कुठवर आलं?"

आणि चॅटबॉट. एआयला प्रोग्राम लिहायला सांगितला तर क्षणात लिहून देतो आणि तुमचा तो अर्धा तास खाऊन टाकतो. माझा नियम असा: तीस मिनिटं स्वतः, मग त्याला फक्त "हा एररचा संदेश काय म्हणतोय ते समजावून सांग" एवढंच विचारायचं. तो मराठीत समजावतो, हे मोठं सुख आहे. तो आत्मविश्वासाने चुकतो, हेही लक्षात असू द्या. ६१ चं कोडं त्याला घालून पडताळा करून बघा.

नोकरीचं खरं खरं

यातून पदवी मिळत नाही. सरकारी जागांना पदवी लागते, बऱ्याच मोठ्या कंपन्या अर्जालाच गाळणी लावतात. बारावीनंतरची मुलं विचारतात तेव्हा मी सांगते, पदवी कुठली तरी घ्या, आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठातून घ्या किंवा मुक्त विद्यापीठातून, आणि हे सोबत करा. ज्यांच्याकडे दुसऱ्या शाखेची पदवी आहे त्यांना लहान कंपन्यांत शिरकाव होतो, पण दाखवायला काम लागतं. माझ्या मुलाखतीत सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. काटा-पावत्यांचा प्रोग्राम गिटहबवर (सगळ्यांना पाहता येतील असे प्रोग्राम ठेवायच्या संकेतस्थळावर) होता, तो उघडून समोरच्याने विचारलं, "इथे पैसे पूर्णांकात का ठेवलेत?" पुढची पंधरा मिनिटं मीच बोलत होते.

पगार सुरुवातीला फार नसतो, आणि "नोकरीची हमी" म्हणून आगाऊ पैसे मागणारा कुणीही भेटला तर चहा पिऊन उठा.

भाच्याने दिवाळीनंतर ती सगळी यादी पुसली, एक कोर्स ठेवला. आता सी च्या चौथ्या आठवड्याच्या धड्यात अडकलाय, त्यालाच तिसरा आठवडा चालू आहे. परवा रात्री मेसेज आला. स्क्रीनवर फक्त "सेगमेंटेशन फॉल्ट" (प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी चाचपली की येतो) आणि खाली: "मावशी, शेवटची ओळ वाच म्हणतेस. इथे ओळच एक आहे." खरंय, सी तेवढंच सांगून गप्प बसतं. त्याला म्हटलं, दर दोन ओळींनंतर काहीतरी छापून बघ, कुठपर्यंत छापलं जातंय ते मोज आणि रविवारी वही घेऊन ये. येताना शेतातली एक पपईही आण म्हटलं.